ग्रेड केलेल्या जुन्या सोन्याच्या नाण्याची रास्त किंमत कशी ठरवायची

प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, एक जुनं सोन्याचं नाणं आहे. वर नाणं तपासून त्याचा दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपनीचं लेबल, ग्रेडचा, म्हणजे दर्जाचा, आकडा, बारकोड. विकणारा एक किंमत सांगतो. ती रास्त आहे की अव्वाच्या सव्वा, हे कसं ओळखायचं?

माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर एकाच सवयीत आहे. किंमत कधीही एक आकडा म्हणून बघू नका, तिचे दोन तुकडे करा. पहिला तुकडा आतल्या सोन्याचा. त्याबद्दल वाद नसतो, गुणाकार केला की तो हातात येतो. दुसरा तुकडा सोन्याच्या वर मागितलेल्या रकमेचा, म्हणजे प्रीमियमचा. दुर्मीळता, ग्रेड, हौस, जाहिरात आणि विकणाऱ्याची अपेक्षा हे सगळं या दुसऱ्या तुकड्यात दडलेलं असतं. त्यामुळे उलटतपासणी करायची ती फक्त प्रीमियमची. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत आणि त्या विकणाऱ्याशी भावाचं बोलणं सुरू करण्याआधी पार पाडायच्या आहेत. एकदा त्याचा आकडा कानावर पडला की आपलं गणित नकळत त्या आकड्याभोवती फिरायला लागतं.

पहिली पायरी: आतलं सोनं मोजा

जुनी सोन्याची नाणी क्वचितच शुद्ध सोन्याची असतात. झीज कमी व्हावी म्हणून त्यांत बहुधा तांबं मिसळलेलं असतं. म्हणून नाण्याचं एकूण वजन आणि त्यातलं निव्वळ सोनं हे दोन वेगळे आकडे आहेत. नेहमी समोर येणारी काही नाणी घेऊ. ब्रिटिश सॉव्हरिनचं वजन 7.988 ग्रॅम, शुद्धता 22 कॅरट, निव्वळ सोनं 7.322 ग्रॅम. अमेरिकेच्या 20 डॉलरच्या नाण्याचं, म्हणजे डबल ईगलचं, वजन 33.436 ग्रॅम, शुद्धता 90 टक्के, निव्वळ सोनं 30.09 ग्रॅम. फ्रान्सच्या 20 फ्रँकचं वजन 6.45 ग्रॅम, शुद्धता 90 टक्के, निव्वळ सोनं 5.81 ग्रॅम. आंतरराष्ट्रीय भाव ट्रॉय औंसात सांगितला जातो आणि एक ट्रॉय औंस म्हणजे 31.1035 ग्रॅम. नेहमीचा औंस सुमारे 28.35 ग्रॅमचा असतो. या दोन औंसांची गल्लत झाली तर हिशेब जवळजवळ दहा टक्क्यांनी चुकतो.

निव्वळ सोन्याच्या वजनाला त्या दिवशीच्या भावाने गुणलं की नाण्याची वितळ किंमत मिळते. भाव कालचा नको, आजचाच घ्या.

झिजलेल्या नाण्यात सोनं कमी भरेल अशी शंका येते. ती रास्त आहे, पण फरक वाटतो त्याहून लहान असतो. सॉव्हरिन चलनात असताना त्याचं वजन 7.938 ग्रॅमच्या खाली गेलं की ते कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे चलनयोग्य नाण्याची झीज एका टक्क्याच्याही आत असायची. स्लॅबमधलं नाणं वजन करता येत नाही. त्यामुळे चांगल्या ग्रेडच्या नाण्यासाठी प्रमाण वजन धरून चालायला हरकत नाही.

आता मागितलेल्या किमतीतून वितळ किंमत वजा करा आणि उरलेली रक्कम वितळ किमतीच्या किती टक्के आहे ते काढा. पाच-दहा टक्के असेल तर तुम्ही मुख्यतः सोनं घेताय, ग्रेडवर फार डोकं शिणवू नका. तीनशे टक्के असेल तर सोनं निमित्तमात्र आहे आणि पुढच्या प्रत्येक पायरीला जास्त वेळ द्यायला हवा.

दुसरी पायरी: स्लॅब खरा आहे का

ग्रेडिंग कंपन्या अनेक आहेत, पण बाजार सगळ्यांचा शब्द सारखा मानत नाही. पीसीजीएस 1986 साली सुरू झाली आणि एनजीसी 1987 साली. जगभरच्या लिलावांत या दोघींचे ग्रेड जवळपास चलनासारखे चालतात. अनोळखी नावाच्या कंपनीचा ‘एमएस 66’ (70 पैकी 66, म्हणजे बराच वरचा ग्रेड) असेल तर मी ते नाणं ग्रेड न केलेलं समजूनच किंमत लावतो. असा मोठा आकडा स्वतःच छापून प्लास्टिकमध्ये घालणारे कमी नाहीत.

मोठ्या कंपन्यांचे स्लॅबही नकली बनतात. नकली स्लॅबवर बहुधा खऱ्याच नाण्याचा प्रमाणपत्र क्रमांक छापलेला असतो. त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की माहिती बरोबर निघते आणि माणूस निर्धास्त होतो. इथे थांबू नका. बऱ्याच नाण्यांचे फोटोही तिथे असतात. फोटो मोठा करा आणि हातातल्या नाण्याशी ताडून पाहा. राजाच्या गालावर एखादा तिरपा चरा आहे का? किनारीजवळ तांबूस ठिपका आहे का? तारखेच्या दुसऱ्या आकड्याखाली खळगा आहे का? सोनं मऊ असल्यामुळे प्रत्येक नाण्यावर अशा खुणांची स्वतःची नक्षी असते. फोटोतला चरा नाण्यावर नसेल तर व्यवहार तिथेच संपवा. चरा एकदा पडला की आपोआप नाहीसा होत नाही. फोटो उपलब्ध नसेल तर लेबलवरची छपाई, होलोग्राम आणि डबीची जोड त्याच काळातल्या खात्रीच्या स्लॅबशी जुळवून बघा. पीसीजीएसच्या अलीकडच्या स्लॅबमध्ये एनएफसी चिप असते, ती फोनने वाचता येते.

तिसरी पायरी: ग्रेडचा आकडा समजून घ्या, मग नाणं बघा

1 ते 70 ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी 1949 साली मांडली, तीही सोन्यासाठी नव्हे, जुन्या अमेरिकी तांब्याच्या सेंटसाठी. त्यामागचा मूळ विचार किमतीचाच होता. ग्रेड 1 च्या नाण्याला जी किंमत, तिच्या सत्तरपट किंमत ग्रेड 70 ला. ते सरळ प्रमाण केव्हाच मोडलं, आकडे तेवढे टिकले. आज किंमत पायरीपायरीने चढत नाही. काही ठिकाणी ती सपाट असते आणि काही ठिकाणी एकदम उडी घेते. ती उडी नेमकी कुठे आहे, हे प्रत्येक नाण्याच्या प्रकारासाठी वेगळं शोधावं लागतं.

60 हा मोठा उंबरठा आहे. 60 आणि त्यावरचे ग्रेड ‘एमएस’, म्हणजे चलनात न वापरलेलं नाणं. 50 ते 58 ‘एयू’, म्हणजे किंचित वापरलेलं. पण 58 चं नाणं 61 पेक्षा कितीतरी देखणं असू शकतं. 61 चं नाणं वापरात गेलेलं नसलं, तरी टांकसाळीच्या पोत्यांत इतर नाण्यांवर आपटून त्याचा चेहरा खरचटलेला असतो. 58 च्या नाण्याला उंच भागांवर हलकीशी झीज असते आणि बाकी पृष्ठभाग स्वच्छ असतो. डोळ्याला सुख देणारं 58 कमी किमतीत मिळत असेल, तर मी ते रखरखीत 61 च्या आधी उचलेन.

नाणं बघायची पद्धत साधी आहे. खोलीतले बाकीचे दिवे घालवून एकच बल्ब ठेवा आणि नाणं त्याखाली हळूहळू तिरकं करत फिरवा. मूळ झळाळी शाबूत असेल तर उजेडाचा पट्टा पृष्ठभागावरून अखंड फिरतो. तो कुठे तुटतो ते बघा. शिल्पकार सेंट गॉडन्स यांनी रेखाटलेल्या डबल ईगलवर उभ्या स्वातंत्र्यदेवतेचा गुडघा आणि छाती, मागच्या बाजूला गरुडाचा पंख, जॉर्ज पाचव्याच्या सॉव्हरिनवर कानावरचे केस आणि दाढी. हे सगळे उंच भाग आहेत आणि झीज इथूनच सुरू होते. तिथला रंग आजूबाजूपेक्षा मंद, किंचित करडा दिसला तर नाणं घासलं गेलेलं आहे. डबीवरचा ओरखडा आणि नाण्यावरचा ओरखडा यांत गोंधळ झाला, तर डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवा. प्लास्टिकवरचा ओरखडा नाण्यावरच्या चित्राच्या तुलनेत सरकतो, नाण्यावरचा जागेवरच राहतो.

लेबलवर आकड्याऐवजी ‘डीटेल्स’ असा शब्द असेल तर नाणं अस्सल आहे, पण त्याच्याशी काहीतरी झालेलं आहे. ते रसायनाने किंवा कापडाने साफ केलेलं असेल, दागिन्यात बसवून नंतर काढलेलं असेल, खरवडलेलं किंवा दुरुस्त केलेलं असेल. सोन्याच्या नाण्यांत दागिन्याच्या खुणा फार आढळतात. कडेवर डाख दिल्याचा, म्हणजे सोल्डरिंगचा, उंचवटा किंवा गुळगुळीत केलेला भाग दिसतो. नेहमी मिळणारं नाणं असेल तर अशा नाण्याला वितळ किमतीच्या आसपास, थोडं वर एवढंच द्या. खरोखर दुर्मीळ नाण्यालाच ‘डीटेल्स’ असूनही चांगला प्रीमियम मिळतो, आणि तिथेही तो निर्दोष नाण्याच्या कितीतरी खाली असतो.

अमेरिकी नाण्यांवर कधी स्लॅबबाहेर सीएसीची छोटी चकती असते. ही संस्था 2007 पासून इतरांनी ग्रेड केलेली नाणी पुन्हा तपासते. हिरवी चकती म्हणजे नाणं त्या ग्रेडला भक्कम आहे, सोनेरी म्हणजे ग्रेड कमीच दिला गेला आहे. चकतीला बाजार पैसे देतो, म्हणून तुलना करताना चकतीचं नाणं चकतीच्या नाण्याशीच करा.

हाताने ठोकलेल्या प्राचीन नाण्यांची गोष्ट निराळी. एनजीसी त्यांना ग्रेडबरोबरच ठोकणी आणि पृष्ठभाग यांसाठी प्रत्येकी 5 पैकी गुण देते. तिथे मी आधी पृष्ठभागाचे गुण बघतो.

चौथी पायरी: दुर्मीळता खरी की नुसती सांगण्यापुरती

प्रीमियमचं सगळ्यात मोठं समर्थन दुर्मीळतेचं असतं आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते. विकणारा टांकसाळीत किती नाणी पाडली ते सांगतो. तो आकडा खरा असतो, पण प्रश्न आज किती उरली हा आहे.

1917 सालचा सॉव्हरिन हे ठसठशीत उदाहरण. लंडनच्या टांकसाळीने त्या वर्षी 10 लाखांहून अधिक सॉव्हरिन पाडले, म्हणजे कागदावर नाणं विपुल. पण पहिल्या महायुद्धाच्या देण्यांत त्यांतली बहुतेक अमेरिकेत गेली आणि वितळली. आज लंडनचं 1917 दुर्मीळ आहे. त्याच वर्षीचे सिडनी, मेलबर्न आणि पर्थच्या टांकसाळींचे सॉव्हरिन मात्र सहज मिळतात. फरक एका बारीक अक्षराचा. मागच्या बाजूला घोड्याखालच्या जमिनीच्या पट्टीवर, तारखेच्या बरोबर वर भिंगाने बघा. एस, एम किंवा पी असं अक्षर असेल तर ते ऑस्ट्रेलियाचं. अक्षर नसेल तर ते लंडनचं, किंवा नकली. कारण याच वर्षाची बनावट नाणी पुष्कळ निघाली आहेत.

अमेरिकी नाण्यांतही तसंच. 1933 साली सरकारने लोकांकडचं सोनं जमा करून घेतलं आणि टांकसाळींतली लाखो नाणी वितळवली. डेन्व्हरला पाडलेल्या 1927 च्या डबल ईगलची संख्या 1,80,000 होती. आज त्यांतली डझनाच्या आसपासच ठाऊक आहेत. उलट, 1924 चं फिलाडेल्फियाचं तेच नाणं बाजारात इतकं आहे की त्याला सोन्याच्या भावाबरोबर हलणारी वस्तूच म्हटलं पाहिजे.

साठे सापडले की चित्र पालटतं. 1990 च्या दशकात वेल्स फार्गो नावाने ओळखला जाणारा साठा बाजारात आला. त्यात 1908 सालचे, ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ हे ब्रीदवाक्य नसलेले 19,900 डबल ईगल होते, तेही उत्तम अवस्थेत. त्या वर्षाचं नाणं ‘शंभर वर्षांहून जुनं आणि एमएस 65’ म्हणून कोणी मिरवलं, तर ते दोन्ही खरं असूनही दुर्मीळतेचा पुरावा नाही.

नाण्यावरची तारीखही नेहमी पाडल्याची तारीख नसते. ऑस्ट्रियाचं 1915 तारखेचं 4 डुकाट वर्षानुवर्षं त्याच तारखेने पाडलं जात आलं आहे. फ्रान्सचे 1907 ते 1914 तारखांचे, कोंबड्याचं चित्र असलेले 20 फ्रँक 1951 ते 1960 या काळात पुन्हा पाडले गेले. अशा नाण्यांना जुनेपणाचा प्रीमियम देऊ नका.

उरलेल्या संख्येचा अंदाज घ्यायला ग्रेडिंग कंपन्यांचे गणना-तक्ते उपयोगी पडतात. कोणत्या वर्षाची, कोणत्या टांकसाळीची, कोणत्या ग्रेडची किती नाणी तपासली ते त्यांत असतं. तीन गोष्टी लक्षात ठेवा. वरचा ग्रेड मिळेल या आशेने एकच नाणं डबी फोडून पुन्हा पुन्हा पाठवलं जातं, त्यामुळे सीमेवरच्या ग्रेडचे आकडे फुगलेले असतात. स्वस्त नाणी लोक तपासायला पाठवतच नाहीत, म्हणून तक्त्यात थोडी दिसली तरी ती दुर्मीळ ठरत नाहीत. आणि ‘याहून वरच्या ग्रेडचं एकही नाही’ हे वाक्य आजपुरतंच खरं असतं.

पाचवी पायरी: झालेले सौदे बघा आणि सोन्याच्या भावाने दुरुस्त करा

मागितलेली किंमत म्हणजे इच्छा. पुरावा म्हणून फक्त प्रत्यक्ष विकलं गेलेलं नाणं धरा. हेरिटेज, स्टॅक्स बॉवर्स यांसारख्या मोठ्या लिलावघरांचे जुने निकाल संकेतस्थळांवर बघायला मिळतात. तेच वर्ष, तीच टांकसाळ, तोच ग्रेड, तीच ग्रेडिंग कंपनी असे चार-पाच अलीकडचे निकाल काढा. मार्गदर्शक दरपत्रकं मी वेगळ्या कामासाठी वापरतो, दोन ग्रेडमधलं अंतर समजून घ्यायला. त्यांतले आकडे बहुधा दुकानातल्या विक्रीचे आणि बाजारामागून रखडत येणारे असतात.

निकाल तसेच्या तसे वापरले तर मात्र हिशेब फसतो, कारण त्या दिवशी सोन्याचा भाव वेगळा होता. एक काल्पनिक उदाहरण करून बघू. आज सोनं ग्रॅमला 100 आहे असं धरा. डबल ईगलची वितळ किंमत 3,009. तुम्हाला चार निकाल सापडले. 3,350 ला विकलं गेलं तेव्हा सोनं 90 होतं, म्हणजे वितळ किंमत 2,708 आणि प्रीमियम 642. 3,240 ला विकलं गेलं तेव्हा सोनं 88, प्रीमियम 592. 3,440 ला विकलं गेलं तेव्हा सोनं 94, प्रीमियम 612. चौथं 94 च्याच भावात 4,100 ला गेलं, प्रीमियम 1,272. चौथ्याचा फोटो उघडा. त्यावर सीएसीची चकती असेल, विलक्षण रंग असेल, किंवा दोन संग्राहक इरेला पेटले असतील. कारण काहीही असो, ते नाणं तुमच्या नाण्याशी तुलनेचं नाही. ते बाजूला ठेवा.

उरलेल्या तिघांचा प्रीमियम 590 ते 640 च्या दरम्यान, म्हणजे वितळ किमतीच्या सुमारे 21 ते 24 टक्के. नाणं सहज मिळणारं आहे, त्यामुळे प्रीमियम सोन्याबरोबर थोडा हलेल असं धरलं, तर आज 600 ते 670 योग्य. लिलावात घेणाऱ्याच्या बाजूने रास्त किंमत 3,610 ते 3,680. जुने आकडे न बदलता बघणाऱ्याला 3,600 महाग वाटलं असतं. आणि 4,100 मागणारा माणूस त्या चौथ्या निकालाकडेच बोट दाखवेल.

फार दुर्मीळ नाण्याला हा टक्क्यांचा हिशेब लावू नका. तिथे सोनं वाढलं म्हणून प्रीमियम वाढत नाही, तो संग्राहकांच्या मागणीवर चालतो. 1933 सालचा एकमेव खासगी मालकीत कायदेशीर असलेला डबल ईगल 2002 साली सुमारे 75.9 लाख डॉलरना आणि 2021 साली सुमारे 1.89 कोटी डॉलरना विकला गेला. त्यातलं सोनं एक औंसही नाही.

आता या निकालांतली एक बाब निवांतपणे बघण्यासारखी आहे. प्रसिद्ध होणाऱ्या किमतीत बहुतेक वेळा खरेदीदाराकडून घेतलेलं लिलावघराचं शुल्क मिळवलेलं असतं. ते 20 टक्के धरा. मग 3,350 मधली हातोड्याची बोली, म्हणजे शुल्क मिळवण्याआधीची बोली, फक्त 2,792 होती. वितळ किंमत 2,708. म्हणजे घेणाऱ्याने 642 प्रीमियम मोजला, पण विकणाऱ्याच्या बाजूला सोन्यावर 84 च पोचले, आणि विकणाऱ्याकडूनही कमिशन घेतलं असेल तर तेही गेले. तुम्ही पुढे याच वाटेने विकणार असाल तर तुमच्याही हाती हेच येईल. म्हणून प्रत्येक निकालाचे दोन आकडे लिहा: घेणाऱ्याने किती दिले आणि विकणाऱ्याला किती मिळाले. तुमची रास्त किंमत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडते. थेट संग्राहकाकडून घेत असाल तर ती खालच्या बाजूला सरकायला हवी.

सहावी पायरी: एक ग्रेड खाली उतरून बघा

एमएस 64 ते 65 मध्ये किंमत एकदम दुप्पट होत असेल आणि तुम्ही 65 घेत असाल, तर एक प्रश्न स्वतःला विचारा. उद्या हे नाणं पुन्हा तपासलं आणि 64 ठरलं तर? ग्रेड हा तज्ज्ञाचा अंदाज आहे, वजनासारखी मोजणी नाही. म्हणून उडीच्या वरच्या टोकाचं नाणं घेताना ते त्या ग्रेडमध्ये भक्कम बसतं याची स्वतःच्या डोळ्याने खात्री हवी. शंका असेल तर उडीच्या खालचं, त्याच्या ग्रेडमध्ये देखणं असलेलं नाणं घ्या. बुडालेल्या जहाजातलं किंवा प्रसिद्ध संग्रहातलं असं लेबलवर असेल, तर त्याचा वेगळा प्रीमियम असतो. 1857 साली बुडालेल्या सेंट्रल अमेरिका जहाजातल्या डबल ईगलना तो मिळतोही. पण तो इतिहास लेबलवर ग्रेडिंग कंपनीने नोंदलेला असला पाहिजे, विकणाऱ्याच्या तोंडी नव्हे.

शेवटी, सौद्याच्या वेळी

आता तीन आकडे लिहून ठेवा: वितळ किंमत, रास्त किमतीचा पट्टा, आणि ज्याच्या वर तुम्ही उठून जाल ती कमाल रक्कम. कर, विमा आणि पाठवणीचा खर्च कमाल रकमेच्या आतच धरा. पुरातन नाणं असेल तर मालकीचे आणि परवानगीचे कागद आधी मागा, नियम देशागणिक वेगळे आहेत.

डीलरला एक प्रश्न मी आवर्जून विचारतो: ‘हेच नाणं मी आज तुम्हाला विकायला आणलं असतं, तर किती दिले असते?’ प्रामाणिक डीलर आकडा सांगतो, आणि त्या दोन आकड्यांतलं अंतर तुमच्या प्रीमियममधला किती भाग लगेच नाहीसा होणार ते दाखवतं. मग प्रीमियमचं कारण विचारा. तक्ता, निकाल, चकती, नोंदलेला इतिहास यांपैकी तपासता येण्यासारखं काही मिळालं तर पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे जा. ‘असं पुन्हा मिळणार नाही’ एवढंच मिळालं तर खालच्या टोकावर थांबा.

सौदा झाला की त्या दिवशीचा सोन्याचा भाव, प्रमाणपत्र क्रमांक, दोन्ही बाजूंचे मोठे फोटो आणि ज्या निकालांवरून किंमत काढली ते सगळं पावतीबरोबर एका पाकिटात ठेवा. विकायच्या दिवशी प्रीमियमची उलटतपासणी समोरचा करेल, आणि तेव्हा हेच कागद कामी येतील.